मेक्सिकन काउंटरवर दूध-चीज टाळून पोटभर कसं जेवावं

मॉलच्या फूड कोर्टात मांस नको, दूध नको, आणि तरी अंगी लागेल असं जेवण हवं असेल, तर सरळ मेक्सिकन काउंटर शोधा. पिझ्झ्यावरचं चीज काढलं की खाली नुसता मैदा उरतो. बर्गरची टिक्की गोठवलेली येते, तिच्यात काय मळलंय हे विकणाऱ्या पोरालाही सांगता येत नाही. मेक्सिकन काउंटरवर राजमा एका भांड्यात, भात दुसऱ्यात, कांदा-टोमॅटो तिसऱ्यात, असं सगळं समोर मांडलेलं असतं आणि वाटी तुमच्या डोळ्यांदेखत भरली जाते. काय पडू द्यायचं आणि काय नाही, हे तिथं उभं राहून सांगता येतं. बाकी बहुतेक फास्टफूडच्या दुकानांत गिऱ्हाइकाला इतका अधिकार मिळत नाही.

मी नागपूरच्या प्रतापनगरात विद्यार्थ्यांचे डबे करते. कॉलेजात गेल्यावर माझ्या मुलीनं दूध सोडलं. डेअरीत वासराला आईपासून लवकर तोडतात, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. तिनं मला कधी आग्रह केला नाही, पण तिचं म्हणणं मला पटलं. आता आम्हा दोघींच्या पानात तूप-दही नसतं. तिच्या मैत्रिणींचे वाढदिवस मात्र सीताबर्डीच्या नाहीतर वर्धा रोडच्या मॉलमध्येच व्हायचे, आणि तिनं तिथं नुसते फ्रेंच फ्राईज खात बसावं हे मला चालणार नव्हतं. रांधणं हाच माझा धंदा, म्हणून काउंटरपलीकडे कशात काय पडतं याकडे माझं लक्ष जातंच. त्या बघण्यातून आमच्या दोघींची ऑर्डर द्यायची पद्धत बसत गेली, ती इथं सांगते.

हिरव्या ठिपक्याच्या पुढे

आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारीत दूध, दही, तूप, चीज सगळं येतं. त्यामुळे हिरवा ठिपका बघून तुमचं अर्धंच काम होतं. एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ मध्ये व्हीगन (प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या) पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्हही ठरवलं. हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला फुटलेलं छोटं पान, असं ते दिसतं. पण ते पाकिटावर सापडतं, काउंटरवरच्या राजम्याच्या भांड्यावर नाही.

काउंटरवर कामी येते ती ॲलर्जनची, म्हणजे ज्यांनी ॲलर्जी होऊ शकते अशा घटकांची यादी. ज्या साखळ्यांची दहा किंवा जास्त दुकानं आहेत, किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांना मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात आणि ॲलर्जनची माहितीही द्यावी लागते. दूध आणि सोयाबीन दोन्ही त्या ॲलर्जनमध्ये येतात. म्हणजे 'व्हीगन काय आहे?' असं विचारून समोरच्या मुलाला गोंधळात टाकण्यापेक्षा 'ॲलर्जन चार्ट दाखवता का?' असं विचारा आणि दुधाच्या रकान्यात खूण नसलेले पदार्थ शोधा. टॉर्टिलाच्या (मेक्सिकन पोळीच्या) पिठात दुधाची भुकटी आहे का, नाचोवर (मक्याच्या कुरकुरीत चकत्यांवर) भुरभुरलेल्या मसाल्यात चीज पावडर आहे का, असले प्रश्न पोराच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा या तक्त्यात बघितलेले बरे. तक्ता भिंतीवर नसला तर साखळीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये शोधा. घरून निघण्याआधीच पाहून घेतलं तर रांगेत मागच्यांचा खोळंबा होत नाही.

'जैन करून द्या' हा शब्द नागपुरात सगळ्यांना कळतो, म्हणून काही जण तोच वापरून बघतात. त्यानं उपयोग होत नाही. जैन म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा जातो आणि चीज-पनीर तसंच राहतं. वर राजम्यात लसूण असेल तर तुमच्या कामाचा राजमाच हातचा जातो.

वाटी राजम्यापासून भरायला लागा

बहुतेक जण आधी टाको, बरिटो किंवा केसाडिया (हे सगळे टॉर्टिलात सारण भरून केलेले प्रकार) निवडतात आणि मग त्यातून काय काढायचं याचा विचार करतात. मी उलटीकडून जाते. आधी राजमा किंवा काळे बीन्स आहेत का ते बघायचं. ते असतील तर जेवण होणार. नसतील, आणि शाकाहारीच्या नावावर फक्त पनीर आणि बटाट्याची टिक्की असेल, तर तिथं पोटभर जेवायच्या फंदात पडू नये. काहीतरी किरकोळ खाऊन घरी यावं.

याचं कारण साधं आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम राजम्यात साधारण ८ ते ९ ग्रॅम प्रथिनं आणि ६-७ ग्रॅम तंतू असतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. दीडशे ग्रॅम राजम्यात त्यातला पाव वाटा तरी येतोच. बटाट्यात असं काही मिळत नाही, आणि तळलेल्या टिक्कीत तर तेलच जास्त. एक ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी आणि एक ग्रॅम प्रथिनाच्या ४, हे ध्यानात ठेवलं की मेन्यूवरचे कॅलरीचे आकडे आपोआप उलगडायला लागतात.

राजम्यासोबत मका किंवा भात हवाच. मक्याच्या आणि तांदळाच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो, तो राजम्यात भरपूर असतो. राजम्यात मिथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यातून मिळतो. आपल्या वरण-भातात हेच घडतं. पण काउंटरवर भात सढळ हातानं पडतो आणि राजमा एक डाव. म्हणून पहिलं वाक्य हे ठेवा: 'भात अर्धा, राजमा डबल.' जादा राजम्याचे पैसे लागतील का, ते आधीच विचारून घ्या. लागले तरी एखाद्या कोल्ड्रिंकपेक्षा ते मला सत्कारणी लागलेले वाटतात.

राजम्याबद्दल दोन प्रश्न विचारायचेच. बटर घातलंय का? आणि घोटलेला असेल तर त्यात चीज कालवलंय का? मेक्सिकोत आणि अमेरिकेत घोटलेला राजमा परंपरेनं डुकराच्या चरबीत परततात. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याखाली ते होणार नाही, पण बटरची शक्यता असते. भातालाही हाच प्रश्न. तांबूस 'मेक्सिकन राईस' कुठं तेलात परततात, कुठं बटरमध्ये. भात पांढरा की ब्राऊन यावर मी डोकं चालवत नाही, वाटीत कितीसा पडतोय ते बघते.

नंतर भाज्या. उभ्या चिरलेल्या सिमला मिरची आणि कांद्याच्या परतलेल्या भाजीला काउंटरवर फजिता भाज्या म्हणतात. ती मागून घ्या, दोनदा मागा. परतायला थोडंसं तेल लागतं, पण त्यानं बिघडत नाही. वर कच्चा कांदा, टोमॅटो, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबाची सालसा. लिंबू-टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वामुळे राजम्यातलं लोह अंगात जास्त शोषलं जातं, म्हणून सालसा कमी घालू देऊ नका. आणि जेवल्याबरोबर चहा नको, चहानं तेच लोह अडतं. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं घरोघर आहे, तेव्हा ही गोष्ट मी माझ्या डब्यातल्या पोरींनाही सारखी सांगत असते.

ग्वाकामोले मिळत असेल तर जरूर घ्या, पण विचारून. नुसता ॲव्होकाडो, लिंबू, कांदा, मिरची असेल तर उत्तम. १०० ग्रॅम ॲव्होकाडोत साधारण १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, त्यातले बहुतेक हृदयाला चांगले. ॲव्होकाडो महाग असल्यामुळे काही ठिकाणी त्यात क्रीम किंवा मेयोनीज घालून वाढवतात. चांगल्या ग्वाकामोलेत गराचे गोळे दिसतात आणि हिरवा रंग गडद असतो. फिकट, गुळगुळीत, क्रीमसारखं दिसलं तर मी पुढं जाते.

पोळीत की वाटीत

अमेरिकेतल्या चिपोटले साखळीत बरिटोच्या मैद्याच्या मोठ्या टॉर्टिलाच्याच साधारण ३२० कॅलरी होतात आणि तिच्यात ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. आत काही भरण्याआधीच दिवसाच्या मिठाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो! म्हणून तेच सारण टॉर्टिला न घेता वाटीत घ्या. मेन्यूवर 'बरिटो बोल' किंवा 'राईस बोल' असं लिहिलेलं असतं. आमच्या घरची ठरलेली ऑर्डर हीच.

हातात धरून खायची मजा हवी असेल तर मऊ टाको घ्या, छोटा असतो. कुरकुरीत टाकोचं कवच तळलेलं असतं. तळण कुठल्या कढईत झालं, चिकनचे तुकडे त्याच तेलात तळतात का, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी विचारावं. आमच्याकडे पुष्कळ घरांत ते महत्त्वाचं असतं आणि विचारण्यात कसलाही संकोच नको. चिकनला लागलेले हातमोजे बदलायला सांगणंही त्यातच आलं.

मेक्सिकोतली खरी टॉर्टिला मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे मक्यात अडकून बसलेलं नियासिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं आणि चुन्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. दूध सोडलेल्या माणसाला ही पोळी किती मोलाची! नागपुरात काउंटरवर बहुधा मैद्याचीच दिसते, पण मेन्यूवर 'कॉर्न टॉर्टिला' दिसली तर तीच मागा.

नाचो भूक भागवायला नकोत. १०० ग्रॅम नाचोंच्या ५०० च्या आसपास कॅलरी होतात. चौघींत एक प्लेट, सालसा वेगळी, चीज सॉस बाजूला, एवढं ठीक.

पांढरं आणि फिकट ते सगळं विचारून

खरी अडचण इथं येते. चीज डोळ्यांना दिसतं, सॉस लपतो. चिपोटले ही मुळात वाळवून धुरी दिलेली हालापेनो मिरची, पण आपल्याकडच्या चिपोटले सॉसमध्ये बहुतेकदा मेयोनीज असतं. हालापेनो सॉस, रांच, सावर क्रीम, 'स्पेशल सॉस' यांतही दूध किंवा मेयोनीज निघण्याची शक्यता मोठी. एगलेस लिहिलेलं मेयोनीज म्हणजे अंडं नाही इतकंच. त्यात दुधाचे घन पदार्थ असू शकतात, आणि तेल तर असतंच. स्वयंपाकघरातला माझा अंदाज असा: सॉस आरपार लाल किंवा हिरवा दिसला, त्यात बिया आणि साल दिसली, तर ती सालसा. केशरी-गुलाबी, दुधाळ, बाटलीतून जाड धारेनं पडणारा असेल तर त्यात मेयोनीज धरूनच चाला.

'चीजशिवाय कोरडं लागन ना काकू,' असं मुलं काळजीनं म्हणतात. त्यावर उत्तर सालसा: दोन डाव सालसा आणि अर्धं लिंबू. मुलीच्या मैत्रिणी म्हणायच्या, चीज काढलं तर ते मेक्सिकन कसलं! त्यांना मी सांगितलं की मका, राजमा, मिरची, टोमॅटो, ॲव्होकाडो, भोपळा हे सगळं त्याच मातीतलं. दक्षिण मेक्सिकोत मका साधारण नऊ हजार वर्षांपासून पिकवतात. गाई तिकडे नव्हत्याच, त्या सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजातून नेल्या. चीज त्यानंतरचं. तेव्हा बिनचीजची वाटी मागताना आपण काही कमी मागतोय असं मनात आणू नये. मेक्सिकन जेवणाचं जुनं रूपच आपण मागत असतो.

बोलायचं कसं

नागपुरात काउंटरवर बहुधा हिंदी चालते आणि मला ऑर्डर हिंदीत देणंच सोपं जातं: 'भैया, एक राईस बोल. चावल आधा, राजमा डबल. चीज नहीं, मेयो नहीं, क्रीम नहीं, बटर नहीं, पनीर नहीं. सालसा ज्यादा, नींबू अलग से.' एका दमात सगळं न सांगता वाटी पुढं सरकेल तसं एकेक सांगा. 'व्हीगन' शब्द सगळ्यांना सारखा कळत नाही, 'दूध का कुछ भी नहीं' हे प्रत्येकाला कळतं. ॲलर्जी नसताना ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नये. ज्याला खरंच ॲलर्जी आहे त्याच्या बोलण्याची किंमत त्यानं कमी होते.

रविवारी संध्याकाळी मॉलमध्ये इतकी गर्दी असते की पोराला मान वर करायला सवड नसते. आठवड्यातल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास जा. तेव्हा तो डबे उघडून दाखवतो, आत जाऊन पाकिटावरचं वाचूनही येतो. पहिली फेरी अशा वेळी केली की पुढच्या खेपेला गर्दीतही अडचण येत नाही. स्क्रीनवर ऑर्डर द्यायची सोय असेल तर 'कस्टमाइज'मध्ये जाऊन चीज आणि सॉस काढता येतो, मात्र बिलावर 'नो चीज' छापून आलंय ना तेवढं तपासा.

'मील' किंवा 'कॉम्बो' घेऊ नका. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर जाते, आणि राजमा-सालसाच्या चांगल्या जेवणावर ती ओतायची कशाला? पाणी प्या, नाहीतर मीठ-साखर न घातलेला लिंबू सोडा. हिवाळ्यात मी घरून संत्री नेते आणि जेवण झाल्यावर बाहेर बाकावर बसून आम्ही ती खातो.

टपरीवरचं 'मेक्सिकन'

आयटी पार्कच्या रस्त्यावर किंवा फुटाळा तलावाकडे गाड्यांवर टाको, मेक्सिकन भेळ असं मिळतं. तिथं तक्ता नसतो, पण बनवणारा स्वतः समोर उभा असतो आणि सगळं तव्यावर होतं. 'बटर नको, तेलात करा, चीज-मेयो नको' म्हटलं की तो लगेच करून देतो. मात्र मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना उघड्यावर ठेवलेली मेयोनीजची बाटली आणि सकाळी कापलेला कोबी, हे दूध खाणाऱ्यांनीही टाळावं. तव्यावरून गरम उतरलेलं तेवढंच घ्या.

परदेशी गेलात तर

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडून ऐकून मुलीनं यादी करून ठेवली आहे. टाको बेल या साखळीत 'फ्रेस्को' म्हटलं की चीज, क्रीम, मेयोनीजचे सॉस काढून त्याजागी चिरलेला टोमॅटो घालतात. हा एकच शब्द लक्षात ठेवला तरी पुष्कळ. चिपोटलेत काळे बीन्स, फजिता भाज्या, भात, सालसा, ग्वाकामोले आणि टोफूची मसालेदार 'सोफ्रितास' हे सगळं वनस्पतीजन्य आहे. छोट्या कौटुंबिक मेक्सिकन हॉटेलांत मात्र राजम्यात चरबी आणि भातात चिकनचं पाणी असू शकतं, तिथं विचारल्याशिवाय खाऊ नये.

एक गोष्ट जेवणाबाहेरची, पण सांगायलाच हवी. दूध सोडलं की बी-१२ हे जीवनसत्त्व कुठल्याही राजम्यातून मिळत नाही. डॉक्टरांना विचारून रक्त तपासा आणि गोळी घ्या. माझ्या मुलीच्या बाबतीत मी यावर अडून बसले होते.

घरी आणायचं असेल तर

पार्सल घेताना मी सॉस घेतच नाही. भात, राजमा, भाज्या एवढंच बांधून आणते आणि सालसा घरी करते, कारण आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची त्यांच्या बाटलीतल्या कुठल्याही सॉसला हरवते. चार पिकलेले टोमॅटो, एक कांदा आणि लसणाच्या तीन-चार पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेस्तोवर भाजायच्या. दोन भिवापुरी मिरच्या कोरड्याच भाजून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या. सगळं जाडसर वाटून मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू आणि मूठभर सांबार घालायचा.

राजमाही घरचाच करायचा असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नवं पाणी घालून कुकरला मऊ होईस्तोवर शिजवा. अर्धकच्चा राजमा कधीच खाऊ नये, त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे जोराच्या उलट्या होतात. तेलात कांदा, लसूण, जिरं परतून राजमा त्यात घाला आणि पळीनं अर्धा घोटा. त्यातला जास्तीचा मी छोट्या डब्यांतून फ्रीजरमध्ये ठेवते. मुलगी उशिरा घरी आली की एक डबा काढायचा, गरम करायचा, वर सालसा घालायची. मॉलला जायचं राहून गेलं तरी तिची वाटी भरलेली असते.